नागपूरच्या तळ्यातला ‘शार्क’ आणि नदीत शिरणारा खरा शार्क

दिवाळीच्या सुटीत भाच्याचा फोन आला. दोस्तांसोबत तो रामटेककडच्या एका तलावावर गरी टाकून बसला होता. “मामा, शार्क लागला गा! फोटो टाकला, पहा लवकर.” चष्मा शोधून मी फोटो पाहिला. हातभर लांबीचा मासा, चंदेरी करडा, अंगावर एक खवला नाही, पाठीवर उभा तिकोनी पर. आणि तोंडाशी चांगल्या लोंबत्या मिशा. “अबे, हा पंगस होय,” मी म्हणालो. “शार्कले अशा मिशा असतात काय?” (नर्स शार्कला नाकाशी दोन मिशीसारखे तंतू असतात, पण तेवढं सांगून त्याचा गोंधळ वाढवला नाही.)

चूक त्याची एकट्याची नाही. पंगस मूळचा मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांच्या खोऱ्यातला, आपल्या शिंगाळ्याच्या गोतातला मासा. आता आपल्याकडे शेततळ्यांतही वाढवतात. त्याची पिल्लं अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात ‘इरिडिसंट शार्क’ म्हणून विकली जातात, कारण लहानपणी तो पर उभा करून अगदी शार्कच्या ऐटीत पोहतो. घरातल्या काचेच्या पेटीत मावेनासा झाला की कोणीतरी गुपचूप तलावात सोडून येतो. मग दोन-तीन वर्षांनी कोणाच्या तरी गळाला ‘शार्क’ लागतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. खऱ्या शार्कच्या अंगात हाड नसतं. कानाच्या पाळीत असते तशी लवचिक कूर्चा असते. पंगसाचा काटा ज्याच्या दातात अडकला असेल त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

संध्याकाळी स्वारी घरी आली, पंगस पिशवीत. बहिणीने कांदा-खोबरं भाजायला घेतलं आणि याने मला पकडलं. “पण मामा, शार्क गोड्या पाण्यात राहतच नाही, असं थोडी आहे? नेटवर तर पाहिलं मी, नदीतला शार्क.” प्रश्न बरोबर होता. उत्तर लांबलं, जेवण होऊनही संपलं नाही. तेच इथे जरा नीट लावून लिहितो आहे.

नेटवर त्याने पाहिला तो बुल शार्क. कोकणात शार्कला सरसकट मुशी म्हणतात, मालवणकडे मोरी. त्या मोठ्या गोतातला हा एक. सांडासारखं आडवं, भरीव अंग आणि आखूड बोथट नाक, म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव कार्कारिनस ल्युकास, १८३९ सालचं. पूर्ण वाढलेली मादी सव्वादोन-अडीच मीटरची, क्वचित तीनच्या पुढे. नर तिच्याहून लहान. दक्षिण आफ्रिकेच्या ब्रीड नदीच्या मुखात २००९ साली संशोधकांनी एक मादी पकडली, ती तब्बल ४ मीटरची निघाली. तिला खूणयंत्र लावून परत सोडलं. गळाला लागलेल्यांत जागतिक विक्रम ३१६.५ किलोचा आहे, केनियातल्या मालिंदीचा, २००१ मधला. पण गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने त्याच्या आकाराहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची राहण्याची जागा. हा भर समुद्रातला प्राणी नाही. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यालगत, बहुधा ३० मीटरहून कमी खोलीत, खाडीच्या तोंडाशी, गढूळ पाण्यात तो वावरतो. आणि तिथून सरळ नदीत शिरतो.

नदीत शिरणं म्हणजे काय दिव्य आहे, हे कळायला स्वयंपाकघरात जावं लागतं.

लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं. मनुका साध्या पाण्यात टाकली की फुगते. दोन्हींत नियम एकच: पातळ पडद्याच्या ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात. माशाच्या कल्ल्यांची कातडी असाच पातळ पडदा आहे. प्राणवायू आत यायचा तर तो पातळ ठेवावाच लागतो, आणि पातळ ठेवला की पाण्याची ये-जा थांबवता येत नाही. म्हणजे समुद्रातला साधा मासा कैरीच्या फोडीसारखा. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ, माशाच्या रक्तात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. त्याच्या अंगातून पाणी सतत बाहेर ओढलं जातं. मग तो समुद्राचं पाणी पितो आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतो, रात्रंदिवस. आपल्या तळ्यातला रोहू उलटा, मनुकेसारखा. त्याच्या अंगात पाणी घुसत राहतं, म्हणून तो पाणी पीत नाही आणि पातळ लघवी करत राहतो.

शार्कने तिसरीच वाट काढली, आणि ती वाट विदर्भातल्या शेतकऱ्याला लगेच समजेल, कारण तिचं नाव युरिया. कपाशीला टाकतात तोच, ४५ किलोच्या गोणीतला. आपल्या शरीरातही प्रथिनं वापरली की युरिया तयार होतो आणि आपण तो लघवीवाटे टाकून देतो. शार्क टाकत नाही, रक्तात साठवतो. माणसाच्या रक्तात तेवढा युरिया झाला तर डॉक्टर त्याला त्याच दिवशी डायलिसिसवर घेतील. शार्कला मात्र तो चालतो, कारण युरियाचं विष मारणारं दुसरं एक रसायनही तो अंगात बाळगतो. मीठ आणि युरिया मिळून त्याचं रक्त समुद्राच्या पाण्याइतकंच, किंबहुना किंचित जास्त दाट होतं. त्यामुळे बाहेर ओढलं जाणं थांबलं. उलट थोडं पाणी आपोआप आत झिरपतं, प्यायची गरजच नाही. खाण्यातून जास्तीचं मीठ आलंच, तर आतड्याच्या शेवटाशी एक छोटी ग्रंथी असते, ती ते बाहेर काढते. फार हुशार सोय आहे.

याच युरियामुळे मुशी शिळी झाली की तिला अमोनियाचा तो नाक झोंबणारा वास येतो. मासा मेला की जिवाणू युरियाचा अमोनिया करतात. मालवणी बाई मोरीचं मटण करायला घेते तेव्हा तुकडी ताजी आहे का, हे आधी नाकाने तपासते ते यासाठीच. नागपूरच्या बाजारात समुद्राची मासळी बर्फातून लांबचा प्रवास करून येते. मुशी दिसलीच तर तुम्हीही आधी नाक वापरा, मग पैसे काढा.

आता हाच युरियाने भरलेला मासा गोड्या पाण्यात टाका. सोय उलटली. रक्त दाट, बाहेरचं पाणी जवळपास बिनमिठाचं, म्हणजे पाणी धो-धो आत. बहुतेक शार्क इथेच मरतात: फुगतात, अंगातलं मीठ वाहून जातं. बुल शार्क मरत नाही, कारण त्याला आपला कारखाना फिरवता येतो. यकृत युरिया कमी बनवतं, रक्तातला युरिया साधारण निम्म्यावर येतो. मीठ बाहेर काढणारी ती ग्रंथी जवळजवळ बंद पडते. मूत्रपिंड पातळ लघवीचा पाट सोडतं आणि लघवीतून निसटणारं मीठ होईल तेवढं परत ओढून घेतं. कल्ले नदीच्या पाण्यातलं असेल-नसेल तेवढं मीठ टिपतात. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन नदीत पकडलेल्या बुल शार्कच्या रक्ताची दाटी मोजली तेव्हा ती समुद्रातल्या बुल शार्कच्या सुमारे ६० टक्के भरली. म्हणजे नदीत येऊन तो रोहूसारखा होत नाही. त्याचं रक्त रोहूच्या रक्तापेक्षा दुपटीहून जास्त दाटच राहतं. पाणी आत घुसतच असतं, तो ते उपसत राहतो. गळक्या नावेत बसून सतत उपसा करत पैलतीर गाठणाऱ्या नावाड्यासारखा.

भाच्याने इथे बरोबर जागी बोट ठेवलं. “एवढा उपद्व्याप काहून करते तो? समुद्रात काय कमी आहे?”

समुद्रात मोठे शार्क आहेत, हे एक कारण. बुल शार्कची मादी दहा-अकरा महिने पिल्लं पोटात वाढवते आणि एक ते तेरा जिवंत पिल्लं घालते. जन्मताना पिल्लू ५५ ते ८० सेंटीमीटरचं, म्हणजे कोणाच्याही एका घासाचं. म्हणून मादी खाडीत किंवा नदीच्या मुखाशी येऊन पिल्लं सोडते आणि आपण समुद्रात निघून जाते. पिल्लं काही वर्षं तिथेच, कधी बरीच वरपर्यंत नदीत, वाढतात. बाकीचे शार्क मागे येऊ शकत नाहीत. बोय, शिंगाळे, झिंगे, खेकडे यांची रेलचेल असते. लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवतात तसंच काहीसं, फक्त इथे आई लेकरांना माहेरी ठेवून परत जाते.

किती आत जातात, याचे पुरावे वाचले की नकाशा उघडून बसावंसं वाटतं. अमेरिकेत १९३७ साली मिसिसिपी नदीत इलिनॉय राज्यातल्या आल्टन गावाशी दीड मीटरचा बुल शार्क सापडला. समुद्रापासून हजार मैलांहून आत! आपल्या समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. त्यावरून जाऊन परत आलात तरी तेवढं अंतर भरत नाही. अ‍ॅमेझॉन नदीत तर तो पेरू देशातल्या इकितोसपर्यंत पोचल्याची नोंद आहे, मुखापासून साडेतीन हजार किलोमीटरांच्या पुढे.

सगळ्यांत रंजक गोष्ट निकाराग्वा सरोवराची. मध्य अमेरिकेतल्या या गोड्या पाण्याच्या सरोवरात शार्क होते आणि १८७७ साली त्यांना स्वतंत्र जात ठरवून वेगळं नावही दिलं गेलं. समजूत अशी की समुद्राचा तुकडा जमिनीत अडकला, पाणी गोड झालं, शार्क आत कोंडले गेले. पुढे थॉमस थॉर्सन नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने सरोवरातल्या आणि समुद्राकडच्या शार्कना चिठ्ठ्या टोचून सोडलं. सान हुआन नदीच्या एका टोकाला चिठ्ठी लावलेले मासे दुसऱ्या टोकाला पकडले जाऊ लागले. मधल्या खळाळत्या उतारांसकट ती नदी चढायला काहींना आठ-दहा दिवस पुरले होते. १९७१ मध्ये हे छापून आलं आणि ‘कोंडलेल्या शार्क’ची गोष्ट मिटली. कोणी कोंडलेलं नव्हतं. ते घरातून अंगणात यावं तसे ये-जा करत होते.

खरोखर कोंडले गेले ते ब्रिस्बेनजवळच्या कारब्रुक गोल्फ क्लबच्या तळ्यात. १९९० च्या दशकातल्या पुरात लोगन नदी फुटून मैदानावर पसरली, सहा बुल शार्क तळ्यात आले, पाणी ओसरलं, वाट बंद. तिथे ते सतरा वर्षं दिसत राहिले. गोल्फचा चेंडू पाण्यात गेला तर कोणी काढायला उतरत नसे, एवढीच खेळाची गैरसोय.

इथे भाच्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून मी पुढचं स्वतःच सांगितलं. नागपूरला पाण्याची वाट आहे का? आहे. अंबाझरीच्या सांडव्याचं पाणी ज्या नाग नदीत जातं, ती पुढे कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याशी वैनगंगेला. वैनगंगा खाली वर्धेला भेटली की दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापलीकडे काळेश्वरला गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे आपल्या घरचं सांडपाणी समुद्राला पोचतं, पण समुद्रातला मासा आपल्याकडे पोचत नाही. समुद्रातून वर निघालेल्या माशाला पहिला अडसर राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरमला लागतो. आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८५२ साली तिथला बांध पूर्ण केला, आज त्या जागी नवा बंधारा आहे. त्याच्या वर मेडीगड्डा, आणि आपल्या दारात गोसीखुर्द. तुलना करा: समुद्रापासून आल्टनजवळच्या सेंट लुईपर्यंत मिसिसिपीच्या पात्रात आडवं धरण नाही, अ‍ॅमेझॉनच्या मुख्य पात्रावर एकही नाही. शार्कच्या मूत्रपिंडाची तयारी कितीही असो, त्याला काँक्रीटची भिंत चढता येत नाही. आणि समजा एखादा पठ्ठ्या आलाच, तर नाग नदीच्या आजच्या पाण्यात तो मिठाच्या कमीने मरणार नाही. त्याच्या कितीतरी आधी प्राणवायूच्या कमीने मरेल.

तेव्हा ज्याला बुल शार्क गळाला लावायचा आहे त्याने गाडी पकडावी. आणि तिथे पोचल्यावर नकाशा खिशात घालून पाणी वाचावं. या माशाला शोधणं म्हणजे मिठाची रेषा शोधणं.

फ्लोरिडातल्या कॅलूसाहॅची नदीत शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या अंगात आवाज देणारी यंत्रं बसवून वर्षानुवर्षं त्यांचा माग काढला. ही नदी ओकीचोबी सरोवरातून येते आणि तिच्यावर दरवाजे आहेत, आपल्या गोसीखुर्दसारखे. दरवाजे उघडून गोडं पाणी सुटलं की पिल्लं खाली समुद्राकडे सरकायची; पाणी बंद झालं की पुन्हा वर. लिटरला साधारण ७ ते २० ग्रॅम मीठ असलेला मधला पट्टा त्यांना पसंत होता. म्हणजे पार गोड्या पाण्यात जगता येतं म्हणून तिथेच राहायचं, असं नाही. उपसा कमी करावा लागतो अशी जागा मिळाली तर तीच बरी. आपणही सहाव्या मजल्यावर पायऱ्यांनी चढू शकतो, पण लिफ्ट चालू असेल तर कोण चढतं!

याचा गळवाल्यासाठीचा अर्थ सरळ आहे. कालपर्यंत मासे जिथे लागत होते, तिथे जोरदार पाऊस पडून गेल्यावर आज लागणार नाहीत. पाणी गोड झालं की पट्टा काही किलोमीटर खाली सरकतो आणि मासे त्याच्यासोबत. लहान शार्क हवे असतील तर खाडीच्या आत, मोठे हवे असतील तर मुखाशी आणि बाहेर. मुखाशीही उघड्यावर नाही. जिथे उथळ वाळूचा दांडा एकदम खोल खळग्यात उतरतो त्या कडेला, पुलाच्या खांबांच्या सावलीला, दोन प्रवाह मिळून पाण्यावर गढूळ-निवळ अशी रेघ दिसते तिथे. ओहोटी लागली की खाडीतले बोय आणि शिंगाळे खाली वाहत येतात. शार्क चिंचोळ्या तोंडाशी त्यांची वाट पाहतो. ट्रॅफिक सिग्नलवर गजरे विकणारा उभा राहतो, तसाच हिशेब.

आम्हा नागपूरकरांना भरती-ओहोटी अंगवळणी नसते. आमचं तलावाचं पाणी सकाळी जिथे तिथेच संध्याकाळी. खाडीवर मात्र दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, म्हणजे ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे ओढ कमी. कोळी माणूस घड्याळाआधी तिथी बघतो. पहाट आणि तिन्हीसांज चांगली. पाणी गढूळ असलं तर दिवसाही चालतं, कारण हा मासा डोळ्यांवर फारसा विसंबत नाही. त्याचे डोळे अंगाच्या मानाने बारीकच. नाकपुड्या तिखट, शिवाय नाकाडावर बारीक छिद्रांची जाळी असते. स्टेफानो लोरेन्झिनी या इटालियन वैद्याने १६७८ साली तिचं वर्णन केलं, पण ती कशासाठी आहे हे कळायला विसावं शतक उजाडलं: दुसऱ्या जिवाच्या स्नायूंतली अगदी क्षीण वीज त्या छिद्रांना जाणवते. म्हणून आमिष चकचकीत नको, वास देणारं हवं. बोय किंवा पाकटाचा ताजा, रक्त असलेला तुकडा.

तापमान हा दुसरा धागा. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की बुल शार्क काढता पाय घेतो. सिडनीच्या बंदरात तो उन्हाळ्यात येतो आणि थंडी लागली की उत्तरेला क्वीन्सलंडकडे निघून जातो. फ्लोरिडाच्या बोका ग्रांदे खिंडीत वसंताच्या शेवटी टार्पन नावाचे मोठे मासे जमतात आणि त्यांच्या मागे बुल शार्क. तिथला गळवाला टार्पन ओढत आणतो आणि शेवटी हातात नुसतं डोकं येतं. पूर्व आफ्रिकेत याला झांबेझी शार्क म्हणतात, मोझांबिक ते केनिया सगळा किनारा त्याचा. आपल्याकडे हुगळीचं मुख आणि सुंदरबन त्याच्या मुलखात येतं, आणि आपल्या महाराष्ट्राच्या खाड्याही.

महाराष्ट्राचं उदाहरण ताजं आहे आणि जरा गंभीर. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या बाजूच्या वैतरणा खाडीत, मासे धरायला उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. तो मासा पुढे तिथेच मेलेला सापडला आणि जाणकारांनी तो बुल शार्क असल्याचं सांगितलं. मनोर काही समुद्रकाठी नाही. बातमी वाचून बऱ्याच जणांना वाटलं, मासा वाट चुकला. तुम्ही इथवर वाचलं असेल तर तुम्हाला तसं वाटणार नाही.

एवढं ऐकून भाचा म्हणाला, “म्हणजे खतरनाक आहे.” आहे, पण त्यातही गाळून घ्यावं लागतं. फ्लोरिडा विद्यापीठाकडे जगभरच्या शार्कहल्ल्यांची नोंदवही आहे, तिच्यात पांढरा शार्क आणि टायगर शार्क यांच्यामागोमाग याचा क्रमांक. तो रागीट आहे म्हणून नव्हे, तर तो माणसाच्या पाण्यात राहतो म्हणून: गुडघाभर, गढूळ, वस्तीलगतच्या. त्याच्या अंगात सगळ्या प्राण्यांहून जास्त टेस्टोस्टेरॉन असतं, ही नेटवरची आवडती गोष्ट अगदी मोजक्या माशांच्या रक्तावरून फुगवलेली आहे, ती सोडून द्या. गढूळ खाडीत पहाटे-संध्याकाळी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहू नका, मासे साफ करून तिथेच घाण टाकू नका, पकडलेले मासे कमरेला बांधून फिरू नका. गळ काठावरून किंवा होडीतून टाका.

आता खरी अडचण. बुल शार्क ओळखायचा कसा? कारण आपल्या पाण्यात त्याच्यासारखा दिसणारा गंगा शार्क आहे, अतिशय दुर्मीळ, आणि त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, वाघाला आहे तेच. पाँडिचेरी शार्कही त्याच यादीत. पेंचच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला ‘पहिली अनुसूची’ म्हणजे काय ते सांगायला नको. खूण पाठीवरच्या परांत असते. बुल शार्कचा पुढचा पर मोठा, रुंद, तिकोनी. मागचा त्याच्या साधारण एक तृतीयांश उंचीचा. गंगा शार्कचा मागचा पर पुढच्याच्या साधारण निम्म्या उंचीचा भरतो. कागदावर सोपं वाटतं. होडी हलतेय, मासा तडफडतोय, हात रक्ताळलेत, अशा वेळी मी स्वतः पैजेवर सांगणार नाही. म्हणून माझं मत असं की आपल्याकडे हौशी गळवाल्याने लागलेला प्रत्येक शार्क सोडावा. बुल शार्क स्वतःही आता जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. मादी पिल्लं थोडी घालते आणि वयात यायला तिला वर्षानुवर्षं लागतात, तेव्हा मारलेल्यांची भरपाई लवकर होत नाही. भारतात २०१३ पासून नुसते पर कापून धड समुद्रात फेकायला बंदी आहे, २०१५ पासून परांच्या निर्यातीलाही. त्याच्या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०२३ पासून परवान्याखाली आला.

सोडायचा तर जिवंत सुटेल असा सोडायला हवा. फ्लोरिडाने किनाऱ्यावरून शार्क धरणाऱ्यांना २०१९ पासून विनामूल्य पण सक्तीचा परवाना केला, तो घ्यायला आधी छोटा ऑनलाइन पाठ पूर्ण करावा लागतो. किनाऱ्यावरून पाण्यात रक्त-मांस ओतून शार्क गोळा करायला तिथे मनाई. बुल शार्क घरी न्यायचा तर नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत किमान ५४ इंच हवा, दिवसाला माणशी एक. गळ सर्कल हुक हवा, म्हणजे टोक आत वळलेला. तो घशात उतरत नाही, जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो आणि काढायला सोपा जातो. गळाच्या वर हात-दोन हात पोलादी तार लागते, कारण खालचे दात टोकदार आणि वरचे करवतीसारखे, नायलॉन क्षणात कापतात. दोरी जाड घ्या. बारीक दोरीवर तासभर झुंजवलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. काठावर ओढू नका. पाण्याबाहेर त्याला सांगाडा नसल्यासारखंच आहे, स्वतःच्याच वजनाने आतले अवयव दबतात. कल्ले पाण्यात ठेवून तार कापा. फोटो पाण्यातच.

भाच्याने हे सगळं मन लावून ऐकलं आणि मग फोन काढला. त्याचा एक दोस्त वसईला नोकरीला आहे. कोळीवाड्यात त्याच्या ओळखीचे एक काका आहेत, ते होडीतून गरवायला नेतात. बहीण आतून ओरडली, “पहिले पंगस खा, मग शार्क पकड!” ताटात सावजी रश्श्याची लाल तर्री, तिच्यात पंगसाची तुकडी. हा एका हाताने घास घेत होता, दुसऱ्या हाताने फोनवर काहीतरी चाळत होता.

“मामा,” थोड्या वेळाने त्याने विचारलं, “हे इथं ओहोटी सहा चाळीसची लिहिली आहे. म्हणजे पाणी तेव्हा उतरायले लागते, का तेव्हा पुरं उतरलेलं असते?”

“पुरं उतरलेलं,” मी म्हणालो. “तुले त्याच्या तीन तास आधी जाऊन बसा लागते.”